ऐकू न येणाऱ्या पोरांचा हंगाम

 

आज आम्ही एका खेळाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, दर वेळी कर्ज, बियाणं, शेळ्या, पोरींची शाळा यावर बोलणाऱ्या या बायकांना आज खेळ कुठून सुचला? आणि खेळही आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला. त्याला कारण आहे. आमच्या एका गटात आमच्या हातून एक चूक झाली. ती कशी सुधारायची म्हणून आम्ही माहिती शोधायला लागलो आणि शोधता शोधता ही गोष्ट हाती लागली. चूक कोणती, ते शेवटी सांगू. आधी खेळ समजून घेऊ.

या खेळाचं नाव अमेरिकन फुटबॉल. नावात फूट असलं तरी चेंडू जास्त करून हातानंच खेळतात. चेंडू गोल नसतो, सोडणासकट नारळ असतो ना, तसा दोन्ही टोकांना निमुळता असतो. एका बाजूला ११ गडी, दुसऱ्या बाजूला ११. मैदान साधारण ९१ मीटर लांब. चेंडू घेऊन समोरच्यांच्या हद्दीत शेवटपर्यंत पोचायचं, पोचलं की ६ गुण. समोरचे अंगावर येऊन पाडतात, म्हणून डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यावर जाड गाद्या घालून खेळतात.

आता नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट यावर आहे. ज्यांच्याकडे चेंडू असतो त्यांना ४ संधी मिळतात. तेवढ्यात ९ मीटर पुढं सरकायचं. सरकले तर आणखी ४ संधी, नाही सरकले तर बहुतेक वेळा चेंडू दुसऱ्यांकडे. एक संधी म्हणजे पाच-सहा सेकंदांची धुमश्चक्री. मग सगळे थांबतात. पुढची चाल ठरते, कोणी कुठं पळायचं, चेंडू कोणाकडे जायचा ते ठरतं, आणि परत झुंज. म्हणजे या खेळात पळण्याइतकंच ठरवण्याला महत्त्व. आणि ठरलेलं ११ जणांपर्यंत पोचलं पाहिजे. एकाला जरी कळलं नाही तरी ती संधी फुकट जाते.

चाल पोचवतो तो गडी क्वार्टरबॅक. आपण त्याला संघाचा कारभारी म्हणू. इतर संघांत तो ओरडून सांगतो. खेळ सुरू करायची खूणही ओरडूनच. त्यानं ठरलेला शब्द किंवा आकडा पुकारला की पुढं वाकून बसलेला गडी चेंडू मागं देतो आणि सगळे एकदम सुटतात. कोणी आधी हलला तर दंड.

मग ज्या संघात कोणालाच ऐकू येत नाही, त्यांनी हा खेळ खेळायचा कसा?

असा संघ आहे. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तिथं गॅलॉडेट नावाचं विद्यापीठ आहे. कर्णबधिर मुलामुलींसाठीच ते काढलेलं आहे. १८६४ साली, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी या संस्थेला पदवी देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. तिचे प्रमुख होते एडवर्ड मायनर गॅलॉडेट. तेव्हा त्यांचं वय अवघं २७ वर्षं. त्यांना खुणांची भाषा कोणी शिकवली? त्यांच्या आईनं. आईचं नाव सोफिया. त्या जन्मापासून बहिऱ्या होत्या. १८१७ साली हार्टफर्ड गावात अमेरिकेतली बहिऱ्या मुलांची पहिली कायमची शाळा निघाली, तेव्हा सोफिया १९ वर्षांच्या होत्या आणि त्या वयात त्या पहिल्यांदा शाळेत बसल्या. पुढं लग्न झालं, आठ मुलं झाली, नवरा वारला. १८५७ साली धाकट्या मुलानं वॉशिंग्टनमध्ये शाळा हाती घेतली, तेव्हा साठीला आलेली ही बाई त्याच्याबरोबर गेली आणि शाळेतल्या पोरांची देखभाल करू लागली. त्याच शाळेचं पुढं कॉलेज झालं. तर या मुलाची मातृभाषा खऱ्या अर्थानं हातांची भाषा होती.

या कॉलेजचा फुटबॉल संघ फार जुना. त्याला बायसन म्हणतात, म्हणजे अमेरिकेतला रानगवा. १८९४ सालची गोष्ट सांगतात. पॉल हबर्ड नावाचा विद्यार्थी तेव्हा संघाचा क्वार्टरबॅक होता. ऐकू येणाऱ्या संघाशी सामना असला की त्याला अडचण नव्हती. तो उघड्यावर हातांनी खुणा करून चाल सांगायचा, समोरच्यांना त्यातलं काही कळायचं नाही. पण सामना दुसऱ्या बहिऱ्या मुलांच्या संघाशी असला की पंचाईत. त्यांना खुणा वाचता यायच्या. सगळी चाल आधीच फुटायची. मग हबर्डनं आपल्या गड्यांना जवळ बोलावलं. सगळे डोक्याला डोकं लावून गोल कडं करून उभे राहिले. मधल्या जागेत त्यानं खुणा केल्या. बाहेरच्याला दिसल्या फक्त पाठी.

आज अमेरिकेत हा खेळ कुठंही बघा, दोन संधींच्या मध्ये गडी गोल कडं करून उभे राहतात. त्याला हडल म्हणतात. आपले क्रिकेटवाले मैदानात उतरताना खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात, ते आठवून बघा. या कड्याचा मान गॅलॉडेटच्या पोरांना दिला जातो. ज्यांना ऐकू येत होतं त्यांनी ते बहिऱ्या पोरांकडून उचललं, असं सांगतात.

आता ते खेळतात कसे, ते सांगतो. चेंडू सुटण्याची हाक ऐकू येत नाही, म्हणून अनेक वर्षं मैदानाच्या कडेला मोठा ढोल ठेवलेला असायचा. ढोलावर टोले पडायचे, त्याची थरथर अंगात जाणवायची. कितव्या टोल्याला सुटायचं ते आधी ठरलेलं. आपल्याकडे जत्रेत ढोल जवळून वाजला की छातीत धडधडतं, तसंच. मग नजरेवर भर आला. चेंडू हलला की आपण हलायचं. यात एक फायदाही झाला. ऐकू येणारे संघ एकमेकांना फसवण्यासाठी मध्येच खोटी हाक देतात, समोरचा आधीच सुटतो आणि दंड भरतो. गॅलॉडेटच्या पोरांवर या खोट्या हाकेचा काही परिणाम होत नाही. त्यांची नजर चेंडूवर असते.

तोटेही आहेत. पंचाची शिट्टी ऐकू येत नाही. खेळ थांबला हे समजायला क्षणभर उशीर झाला आणि अंगावर झेप गेली तर दंड बसतो. मागून येणाऱ्या गड्याची चाहूल लागत नाही. सोबती ओरडून सावध करू शकत नाही. म्हणून डोकं सतत फिरतं ठेवावं लागतं. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी सांगताना लोक म्हणतात की बघा, त्यांना काही अडचणच नाही. अडचण आहे. तिच्यासाठी त्यांनी वेगळी पद्धत बसवली आहे, इतकंच.

हा संघ काही नेहमी जिंकणारा नव्हता. विद्यापीठ लहान, विद्यार्थी हजार-दीड हजारांच्या घरात. त्यांचा संघ अमेरिकेतल्या कॉलेजांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. या श्रेणीत खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. पोरं शिकायला येतात आणि आवडीनं खेळतात. मध्ये काही वर्षं अशी गेली की संघ त्या श्रेणीतूनही बाहेर पडला आणि क्लब म्हणून खेळत राहिला. पण खेळणं सोडलं नाही. २००५ साली क्लब म्हणून खेळताना त्यांनी नऊच्या नऊ सामने जिंकले. २००७ साली संघ परत तिसऱ्या श्रेणीत आला.

पुढं चक गोल्डस्टीन नावाचे प्रशिक्षक आले. २०१० साली संघ त्यांच्या हाती आला. गोल्डस्टीन यांना ऐकू येतं. आले तेव्हा त्यांना खुणांची भाषा येत नव्हती. आता विचार करा. पोरांपुढं उभा राहिलेला माणूसच तिथं अडाणी. पोरं आपसात हातांनी भराभर बोलतायत, हसतायत, आणि याला काही कळत नाही. गोल्डस्टीन ती भाषा शिकले आणि मग त्याच भाषेत संघाला चाली शिकवू लागले.

सगळ्या खेळाडूंना तरी ती भाषा आधीपासून येते का? नाही. काही मुलं बहिऱ्यांच्या शाळेतून येतात, ती लहानपणापासून खुणांनी बोलतात. काही मुलं साध्या शाळेतून येतात. कानाला यंत्र लावून, ओठ बघून, अर्धं समजून अर्धं अंदाजानं अशी ती शिकलेली असतात. आधीच्या शाळेत संघातला ऐकू न येणारा तो एकटाच असतो. बाकीचे हसले की आपणही हसायचं, कशाला हसले ते माहीत नाही. अशी मुलं इथं येऊन खुणा शिकतात आणि पहिल्यांदाच कड्यात उभी राहून प्रत्येक गोष्ट समजून घेतात.

तर २०१३ सालचा हंगाम. अमेरिकेत या खेळाचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो. जवळजवळ दर शनिवारी एक सामना. त्या साली गॅलॉडेटच्या पोरांनी १० सामने खेळले आणि ९ जिंकले. आपल्या विभागाचे ते विजेते झाले. विभागाचं विजेतेपद मिळालं की देशाच्या स्पर्धेत थेट प्रवेश असतो. तिसऱ्या श्रेणीत दोनशेहून जास्त संघ आहेत आणि तेव्हा या स्पर्धेत ३२ संघांना जागा मिळायची. शंभर वर्षांहून जुन्या या संघाला ती जागा पहिल्यांदा मिळाली.

पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या होबार्ट कॉलेजशी गाठ पडली. गॅलॉडेट हरलं. ३४ विरुद्ध ७. हंगाम तिथंच संपला.

आम्ही आपसात ही गोष्ट पहिल्यांदा बोललो, तेव्हा आमच्यातली एक ताई म्हणाली, "मग काय उपयोग? शेवटी हरलेच की." आम्ही त्यावर बराच वेळ बोलत बसलो. आमचं म्हणणं असं पडलं की ते हरले ते दुसऱ्या संघापेक्षा कमी पडले म्हणून. बहिरे आहेत म्हणून त्यांना बाहेर बसवलं नव्हतं, की दया म्हणून आत घेतलं नव्हतं. गुण मोजून आत आले आणि गुण मोजून बाहेर गेले. हरण्याचा हक्कसुद्धा खेळायला मिळालं तरच मिळतो.

नंतरचीही एक गोष्ट सांगतो. २०२३ साली संघाचा हंगाम वाईट सुरू झाला. पहिले चारही सामने हरले. ७ ऑक्टोबरला हिल्बर्ट कॉलेजशी सामना होता. त्या दिवशी गॅलॉडेटच्या क्वार्टरबॅकनं एक नवीन हेल्मेट घातलं. प्रशिक्षकानं कडेला उभं राहून टॅबवर चाल निवडली की ती हेल्मेटच्या आत डोळ्यापुढच्या छोट्या काचेवर उमटते. मोठ्या व्यावसायिक संघांत क्वार्टरबॅकच्या कानात आवाज येण्याची सोय फार आधीपासून आहे. पण कानातला आवाज या पोरांच्या काय कामाचा? त्यांच्यासाठी तोच निरोप डोळ्यांपुढं आणला. विद्यापीठानं एका मोबाइल कंपनीबरोबर मिळून ते बनवलं आणि त्या एका सामन्यासाठी परवानगी मिळवली. त्या दिवशी गॅलॉडेट ३४ विरुद्ध २० असं जिंकलं. हंगामातला पहिला विजय.

हेल्मेटमुळंच जिंकले असं आम्ही म्हणणार नाही. पळायला, धडक घ्यायला पोरंच लागतात. पण १८९४ चं कडं आणि २०२३ चं हेल्मेट यांत एक गोष्ट सारखी आहे. दोन्ही वेळा त्यांनी पोरांचे कान दुरुस्त करायला घेतले नाहीत. निरोप पोचवायची रीत बदलली.

आणखी एक प्रसंग खेळाच्या बाहेरचा आहे, पण त्याच विद्यापीठातला आहे. हे विद्यापीठ बहिऱ्यांचं, पण १२४ वर्षं त्याचा प्रमुख दर वेळी ऐकू येणाराच माणूस होता. १९८८ च्या मार्च महिन्यात परत तसंच झालं. उमेदवारांत दोघं बहिरे असताना ऐकू येणाऱ्या बाईंची निवड झाली, आणि त्यांना खुणांची भाषा येत नव्हती. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाची दारं बंद केली, संसदेवर मोर्चा नेला, आठवडाभर हटले नाहीत. शेवटी आय. किंग जॉर्डन हे पहिले बहिरे प्रमुख झाले. विद्यार्थ्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्याबद्दल निर्णय घेणाऱ्या माणसाला आमची भाषा यायला नको का?

आता आमची चूक.

आमच्या एका गटात एक वहिनी आहेत. त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. गावात त्यांना सगळे "मुकी" म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. नाव विचारायचं कोणाला सुचलं नाही, पासबुकावर होतं तेवढंच. दर महिन्याला १०० रुपये बचत घेऊन त्या वेळेवर यायच्या, कोपऱ्यात बसायच्या, सगळ्यांनी मान हलवली की मान हलवायच्या, अंगठा द्यायच्या आणि जायच्या. आम्ही म्हणायचो, किती गुणाची बाई, कधी भांडण नाही.

एका बैठकीत बचत १०० ची २०० करायचं ठरलं. ठराव झाला, अंगठे झाले. पुढच्या महिन्यात वहिनी १०० रुपये घेऊन आल्या. नियमाप्रमाणे आम्ही १० रुपये दंड घेतला. त्यांनी कनवटीचे १० रुपये काढून दिले आणि आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पुढचे दोन महिने त्या आल्याच नाहीत. आम्ही म्हटलं, परवडत नसेल. मग त्यांची नऊ वर्षांची मुलगी शाळेतून जाताना आमच्यापाशी थांबली आणि म्हणाली, "आईला वाटतं तुम्ही तिला चोर म्हणालात. दंड कशाचा ते तिला कुणी सांगितलंच नाही."

आम्ही ठरावाचं रजिस्टर काढून पाहिलं. बचत वाढवण्याच्या ठरावाखाली त्यांचा अंगठा होता. कागद बरोबर होता. त्या दिवशी आम्ही गॅलॉडेटच्या विद्यार्थ्यांच्या जागी वहिनींना ठेवून पाहिलं आणि गप्प बसलो. आम्हीही त्यांच्याबद्दल निर्णय घेतच होतो, आणि त्यांची भाषा आमच्यातल्या एकीलाही येत नव्हती.

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. दंडाचे १० रुपये परत केले, दोन्ही कान धरले. ती खूण कुठल्याही भाषेत कळते. त्या आधी हसल्या, मग रडल्या.

त्यानंतर बैठकीत काय बदललं, ते तुमच्याही उपयोगाचं आहे म्हणून सांगतो.

पहिलं, आम्ही ओळीनं बसायचं सोडलं. सतरंजीवर गोल बसतो, म्हणजे प्रत्येकीचं तोंड आणि हात प्रत्येकीला दिसतात. वहिनी उजेडाकडे पाठ करून बसतात, म्हणजे समोरच्यांच्या तोंडावर उजेड पडतो. दुसरं, एका वेळी एकीनंच बोलायचं, बोलण्याआधी हात वर करायचा. म्हणजे वहिनींना बघायचं कोणाकडे ते समजतं. तिसरं, पैशाची गोष्ट आली की पैसे किंवा आकडा समोर मांडायचा. दोन नोटा ठेवल्या, दिनदर्शिकेवर तारखेला बोट लावलं, की समजतं. चौथं, मत हात वर करूनच मोजायचं. मान हलवली म्हणजे होकार, असं आता आम्ही धरत नाही.

आणि पाचवं, दर बैठकीत आम्ही पाच खुणा शिकतो. सुरुवातीला वहिनींच्या मुलीनं घरात वापरतात त्या शिकवल्या. पण एक गोष्ट आम्ही लवकर शिकलो. सगळा भार त्या लेकराच्या अंगावर टाकायचा नाही. एकदा घरातल्या कर्जाचा विषय निघाला आणि ती पोर आईच्या आणि आमच्या मध्ये अडकून रडवेली झाली. शिवाय बैठकीसाठी तिची शाळा बुडायला नको. तेव्हा शिकायचं ते आपण मोठ्यांनीच.

शिकायला सोय आहे. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था २०१५ साली सुरू झाली. तिनं खुणांचा शब्दकोश तयार केला आहे. २०२१ साली त्यातले शब्द १० हजार झाले. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट बघता येतात. ही भाषा अमेरिकेतल्या खुणांपेक्षा वेगळी आहे. तिकडं अक्षरं एका हातानं काढतात, आपल्याकडे बहुतेक दोन हातांनी. जशा बोलीभाषा वेगळ्या, तशाच या वेगळ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था वाक् आणि श्रवणदोष असलेल्यांसाठीच काम करते. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषाही धरली आहे. तुमच्या गावात अशा बाईचं किंवा मुलाचं दिव्यांग ओळखपत्र काढलेलं नसेल तर आशाताईंना विचारा, तालुक्याला जायला सोबत करा.

तुमच्या मनात येईल, एका बाईसाठी एवढा खटाटोप? २०११ च्या जनगणनेत ऐकण्याची अडचण असलेली ५० लाखांवर माणसं आपल्या देशात मोजली गेली. म्हातारपणी कमी ऐकू येऊनही गप्प बसणाऱ्या आपल्या कितीतरी सासवा-मावश्या आहेत. गोल बसल्यापासून आमच्या गटातल्या दोन म्हाताऱ्या आज्या एकदम बोलायला लागल्या. त्यांना इतकी वर्षं अर्धंच ऐकू येत होतं आणि लाजेनं त्या सांगत नव्हत्या.

सगळं गोड झालं असंही नाही. बैठकीला आता अर्धा तास जास्त लागतो. काहीजणी घड्याळ बघतात, कुरकुरतात. आणि मागच्या बैठकीत गटानं लग्नकार्याला भाड्यानं द्यायला मोठी भांडी घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. सगळ्यांचे हात वर गेले. वहिनींचा गेला नाही. त्यांनी खुणेनं विचारलं, भांडी ठेवणार कोणाच्या घरी? फुटली, हरवली तर भरणार कोण? आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. ठराव पुढं ढकलला. इतक्या वर्षांत त्या बाईचा हा पहिला नकार. आमच्या रजिस्टरमध्ये तो आम्ही त्यांच्या नावासकट लिहिला. आता आम्ही त्यांना नावानं बोलावतो. नावाची एक खूणही आहे, त्यांनीच ठरवून दिलेली. आमचीही प्रत्येकीची एकेक खूण त्यांनी ठेवली आहे. आमच्यातल्या एकीची खूण म्हणजे सारखा डोक्यावरचा पदर सावरणं. आम्ही पोट धरून हसलो.

शेवटी एक विनंती. आम्ही हे रेडिओवर बोलतोय. ज्यांच्यासाठी बोलतोय त्यांना यातलं अक्षरही ऐकू येणार नाही. तेव्हा हे भाषण मासिकात छापून आलं की गटात वाचा. तुमच्या गटात, तुमच्या आळीत जिला सगळे "मुकी" किंवा "बहिरी" म्हणतात, तिच्या शेजारी जाऊन बसा. वाचता येत असेल तर तिच्या हातात मासिक द्या. येत नसेल तर दाखवा, हातांनी सांगा, चुकत माकत सांगा. आणि तिचं नाव काय ते विचारा. पुढच्या बैठकीला सतरंजी गोल टाका.